खरवडलेल्या पट्ट्यामागे जाणारी मोटार: लेन-कीपिंग असिस्टच्या विश्वासार्हतेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका संस्थेच्या वाहनताफ्याचे आहे. संस्था, रस्ता आणि मोटारींची बनावट यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. ताफ्यातील सर्व मोटारी एकाच बनावटीच्या होत्या आणि चालक त्या रोज दुभाजक असलेल्या, प्रत्येक दिशेला दोन मार्गिका असलेल्या एका महामार्गावरून नेत असत. प्रत्येक मोटारीत लेन-कीपिंग असिस्टच्या, म्हणजे गाडीला मार्गिकेत ठेवण्यास मदत करणाऱ्या, दोन सुविधा होत्या. एक सुविधा गाडीला सतत मार्गिकेच्या मधोमध ठेवत असे, तर दुसरी गाडी पट्टा ओलांडू लागली तरच स्टिअरिंगला हलका झटका देऊन तिला आत वळवत असे. पहिली सुविधा वेगनियंत्रणाच्या जोडीने वापरली, तर वाहनांच्या स्वयंचलनाच्या पातळ्या ठरवणाऱ्या एसएई जे३०१६ या वर्गवारीत ती दुसऱ्या पातळीत बसते. याचा अर्थ स्टिअरिंग आणि वेग यंत्रणा सांभाळत असली, तरी रस्त्यावरची नजर आणि जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच राहते.

दोन्ही सुविधा पुढच्या काचेमागे, आरशाजवळ बसवलेल्या एकाच कॅमेऱ्यावर अवलंबून असतात. कॅमेरा काळपट पृष्ठभागावरची फिकट, ठराविक रुंदीची, रस्त्याच्या दिशेने धावणारी पट्टी शोधतो आणि सापडलेल्या ठिपक्यांतून एक वक्ररेषा बसवतो. तिच्यावरून गाडीचे पट्ट्यापासूनचे अंतर, गाडीचा कोन आणि वळणाचा बाक यांचा अंदाज दर सेकंदाला अनेकदा काढला जातो. एकच पट्टा दिसत असेल, तर पुष्कळ यंत्रणा आधीच्या काही क्षणांतील मार्गिकेची रुंदी धरून दुसऱ्या पट्ट्याची जागा ठरवतात. प्रत्येक अंदाजासोबत यंत्रणा स्वतःच्या खात्रीचा एक आकडाही काढते आणि हा आकडा खाली गेला की ती माघार घेते. मात्र ही खात्री ‘समोर दिसते तो पट्टा आहे का’ एवढ्यापुरतीच असते. तो पट्टा आज लागू आहे की गेल्या महिन्यात रद्द झाला, हे तिला त्या आकड्यातून कळण्याचा मार्ग नसतो.

अडचण उद्भवण्याआधी या महामार्गावरील एका पुलाचे सांधे बदलण्यात आले होते. त्या काळात वाहतूक दुभाजकाच्या बाजूला सरकवण्यासाठी पुलाच्या अलीकडे तिरके तात्पुरते पट्टे रंगवले होते. काम संपल्यावर मूळ जागी नवे पट्टे आखले गेले आणि तात्पुरते पट्टे यंत्राने खरवडून काढले गेले. त्याच कामात रस्त्याच्या जुन्या लांबट भेगाही डांबराने भरल्या गेल्या. कंत्राटदाराने काम सोपवले, रस्ता खुला झाला आणि कागदोपत्री विषय संपला.

अडचण

रस्ता पूर्ववत झाल्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. काही चालकांचे म्हणणे असे होते की, पुलाआधीच्या सौम्य वळणावर स्टिअरिंग दुभाजकाकडे ओढले जाते आणि कोणतीही सूचना वाजत नाही. इतर चालकांना त्याच ठिकाणी, त्याच बनावटीच्या गाडीत काहीही जाणवत नव्हते. काहींनी एक वेगळीच तक्रार केली: पावसात त्यांची मदत मधूनच बंद पडत होती. या दोन तक्रारी बराच काळ एकाच नोंदीत, ‘लेन असिस्ट नीट चालत नाही’ अशा शब्दांत लिहिल्या गेल्या. पुढची बरीच दिशाभूल या एका ओळीतून झाली.

ओढ किती गंभीर होती, हे साध्या हिशेबाने कळते. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर पुढे जाते. गाडीची दिशा मार्गिकेपासून केवळ एका अंशाने ढळली, तरी ती दर सेकंदाला सुमारे ४४ सेंटीमीटर बाजूला सरकते. मार्गिका साडेतीन मीटर रुंद आणि गाडी १.८ मीटर रुंद असेल, तर मधोमध चाललेल्या गाडीला प्रत्येक बाजूला ८५ सेंटीमीटर जागा उरते आणि ती सुमारे दोन सेकंदांत संपते. मार्गिका तीन मीटरच असेल, तर हाच अवधी दीड सेकंदाच्याही आत येतो. हात स्टिअरिंगवर असलेल्या चालकाला तो पुरतो, पण हात मांडीवर ठेवून बसलेल्याला पुरेलच असे नाही.

पहिला निर्णय: दोष गाडीत आहे असे धरणे

ताफ्याच्या व्यवस्थापनाने तक्रार आलेल्या गाड्या कार्यशाळेत पाठवल्या. हा निर्णय त्या वेळी तर्काला धरून होता. यांतील एका गाडीची पुढची काच नुकतीच बदलली होती, आणि काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा रोख अचूक जुळवण्याचे काम, पुन्हा करावे लागते, कारण कॅमेऱ्याच्या रोखातील अगदी लहान फरकही चाळीस-पन्नास मीटर पुढे चांगलाच मोठा होतो. त्या गाडीचे कॅलिब्रेशन खरोखरच किंचित बिघडलेले निघाले. ते दुरुस्त झाले. बाकीच्या गाड्यांची चाकांची अलाइनमेंट आणि टायरमधील हवा तपासली गेली.

त्यानंतर काही दिवस तक्रारी थांबल्या आणि कारण सापडले असा सर्वांचा समज झाला. प्रत्यक्षात त्या दिवसांत आभाळ भरलेले होते. ऊन पडू लागताच तक्रारी परतल्या आणि त्यांत कॅलिब्रेशन केलेली गाडीही होती. दुरुस्तीनंतर तक्रार थांबणे हा दुरुस्ती बरोबर असल्याचा पुरावा मानायचा, तर मधल्या काळात प्रकाश, ओल आणि वाहतूक तशीच होती का, हे पाहणे आवश्यक होते. ते पाहण्याइतकी माहितीच नोंदीत नव्हती. तक्रारीवर तारीख होती, पण वेळ, हवामान आणि प्रवासाची दिशा नव्हती.

रस्त्याची पाहणी

दुसऱ्या फेरीत चालकांशी बोलून वेळा लिहून घेतल्या. ओढ जाणवलेले बहुतेक सर्व जण सूर्य क्षितिजाजवळ आणि समोर असताना त्या वळणावरून गेले होते, तर काहीच न जाणवलेले दुपारी किंवा सूर्य पाठीशी असताना गेले होते. म्हणून एक चालक आणि एक निरीक्षक अशी जोडी, काचेवर स्वतंत्र कॅमेरा लावून, नेमक्या त्याच वेळेला पाठवण्यात आली. कॅमेऱ्यात दिसलेले चित्र इतके स्पष्ट होते की, कार्यशाळेतल्या फेऱ्या आधी का झाल्या असा प्रश्न कुणालाही पडावा.

वाहतूक थांबवून खरवडलेल्या जागी उभे राहून थेट पायाशी पाहिले, तर तेथे विशेष काही दिसत नव्हते. डांबराचा रंग जवळपास सारखाच होता आणि फक्त खडीचे माथे घासून सपाट झालेले हाताला लागत होते. मात्र त्याच जागी मान वर करून, सूर्याच्या दिशेने, पन्नास मीटर पुढे नजर टाकली की ती घासलेली पट्टी चकाकत्या, सलग रेषेसारखी उठून दिसत होती. खडबडीत डांबर प्रकाश सर्व दिशांना विखुरते, तर घासलेला सपाट भाग तिरप्या कोनातून आलेला प्रकाश बराचसा समोरच्या दिशेलाच परावर्तित करतो. शेजारचा खरा पांढरा पट्टा मात्र त्याच प्रकाशात, धूळ आणि टायरच्या काळपट थराखाली, चमकणाऱ्या रस्त्यापेक्षा फिका नव्हे तर गडद दिसत होता. थोडक्यात, कॅमेरा ज्या फरकावर जगतो तो फरक उलटा झाला होता. भेगांत भरलेले डांबरही तसेच चकाकत होते, पण त्या रेषा वाकड्यातिकड्या आणि तुटक असल्याने यंत्रणा बहुधा त्यांना नाकारत होती. खरवडलेल्या पट्ट्याची रुंदी, सलगपणा आणि रस्त्याच्या दिशेने जाणारी वाट मात्र हुबेहूब पट्ट्याचीच होती, कारण मुळात तो पट्टाच होता.

डॅशबोर्डवरील चिन्ह या सबंध अंतरात हिरवे राहिले. यंत्रणा गोंधळलेली नव्हती. ती पूर्ण खात्रीने चुकीच्या पट्ट्यामागे जात होती आणि तो पट्टा वळणाआधी अगदी थोड्या कोनात मार्गिकेपासून दूर जात होता. पट्टा एकदम तुटला असता, तर खात्रीचा आकडा कोसळून यंत्रणेने माघार घेतली असती. हळूहळू दूर जाणाऱ्या रेषेत तसे काही घडत नाही.

हा धोका केवळ कागदी नाही. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील माउंटन व्ह्यू येथे एका मोटारीची चालक-साहाय्य यंत्रणा तिला दोन रस्ते फुटतात त्या मधल्या आखलेल्या जागेत घेऊन गेली आणि झालेल्या धडकेत चालकाचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये यंत्रणेच्या मर्यादा आणि चालकाचे लक्ष विचलित असणे ही संभाव्य कारणे ठरवली. आपल्या प्रकरणात इजा कुणालाच झाली नाही, परंतु यंत्रणेची मर्यादा आणि चालकाचे निर्धास्त होणे ही जोडी तीच होती.

पावसाचा वेगळा प्रश्न

पावसातील तक्रार तपासल्यावर ती निराळ्या जातीची निघाली. पट्ट्याच्या रंगात किंवा थर्मोप्लास्टिकमध्ये बारीक काचेचे मणी असतात आणि ते रात्री हेडलाइटचा प्रकाश आलेल्या दिशेला परत पाठवतात. पाण्याचा थर मण्यांवर चढला की प्रकाश आरशावरून जावा तसा पुढे निघून जातो आणि पट्टा दिसेनासा होतो. याच रस्त्याच्या एका भागात अवजड वाहनांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. त्यांत साचलेल्या पाण्याच्या दोन लांब, चकाकत्या पट्ट्या तयार होत आणि शिवाय चाकोरीची कड टायरला बाजूला ढकलत असे. स्टिअरिंगला मिळणारी मदत ठराविक मर्यादेतच बळ लावते, त्यामुळे चाकोरीतून बाहेर पडताना ती कमी पडे किंवा उशिरा पडे.

येथे यंत्रणा चुकीच्या रेषेमागे जात नव्हती. रेषा न मिळाल्याने ती बंद पडत होती, आणि हे अपेक्षित वर्तन आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०२१ मध्ये कृत्रिम पावसात केलेल्या चाचण्यांत लेन-कीपिंगच्या ६९ टक्के फेऱ्यांत गाडीने पट्टा ओलांडला होता, म्हणजे पावसातली ही मर्यादा एकाच बनावटीपुरती नाही. आपल्या चालकांची खरी अडचण बंद पडण्यात नव्हती, तर ते न कळण्यात होती. चिन्ह हिरव्याचे राखाडी होई, आवाज होत नसे, आणि वायपर जोरात चालू असताना डॅशबोर्डच्या त्या कोपऱ्याकडे कोण पाहणार?

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय ताफ्यातील सर्व गाड्यांत ही मदत कायम बंद ठेवण्याचा होता. व्यवस्थापनातील एका गटाचा तोच आग्रह होता. त्याविरुद्ध दोन गोष्टी होत्या. लांब, सरळ, रात्रीच्या रस्त्यावर डुलकी लागलेल्या चालकाला कडेच्या खाली जाण्यापासून वाचवणे हे या सुविधेचे खरे काम आहे, आणि ताफ्याच्या बाकीच्या मार्गांवर पट्टे उत्तम स्थितीत होते. युरोपीय संघाने २०२२ च्या जुलैपासून मोटारींच्या नव्या प्रकारांना आणि २०२४ च्या जुलैपासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना आपत्कालीन लेन-कीपिंग सक्तीचे केले, ते याच कारणाने. एका वळणासाठी सर्वत्रचे संरक्षण काढून घेणे माझ्या मते अवाजवी ठरले असते.

दुसरा पर्याय रस्त्याच्या त्या भागापुरतीच मदत बंद करण्याचा होता. येथे एक व्यावहारिक अडचण आली. गाडी मधोमध ठेवणारी सुविधा स्टिअरिंगवरच्या एका बटणाने बंद होत असे, पण झटका देणारी सुविधा पडद्यावरील मेनूत तीन-चार पायऱ्या खाली होती. धावत्या गाडीत तो मेनू उघडणे हा मूळ धोक्याहून मोठा धोका होता.

तिसरा पर्याय रस्ता दुरुस्त करून घेण्याचा आणि चौथा निर्मात्याकडून सॉफ्टवेअरची सुधारणा येईपर्यंत थांबण्याचा होता. चौथ्यावर फार वेळ घालवला गेला नाही. निर्मात्याला चित्रफीत पाठवली गेली, पण कोणत्याही तारखेचे आश्वासन मिळाले नाही. पर्यायी रस्ता लांबचा होता आणि त्यावर पट्टेच नव्हते.

घेतलेला निर्णय आणि कृती

दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र स्वीकारला गेला. पुलाच्या अलीकडच्या शेवटच्या थांब्यावर, गाडी उभी असताना, दोन्ही स्टिअरिंग-सुविधा बंद करायच्या आणि पुलानंतरच्या थांब्यावर पुन्हा सुरू करायच्या, अशी लेखी सूचना निघाली. पट्टा ओलांडल्यावर फक्त वाजणारी सूचना सुरू ठेवायची की नाही, यावर मतभेद झाले. खोट्या सूचना वारंवार वाजल्या, तर चालक खऱ्या सूचनांकडेही दुर्लक्ष करतात, हा आक्षेप रास्त होता. तरीही ती सुरू ठेवली गेली, कारण चुकीची सूचना गाडी हलवत नाही.

रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेशी झालेली पहिली बैठक निष्फळ ठरली. त्यांनी नव्या पट्ट्यांची मोजमापे दाखवली आणि ती निर्दोष होती. रात्री पट्टा किती परावर्तित होतो, हे मोजण्याच्या पद्धती पक्क्या आहेत. युरोपात १५० मिलिमीटर रुंदी आणि कोरड्या स्थितीत १५० एकक परावर्तन अशी शिफारस रस्ता-क्षेत्रातील संघटना करत आल्या आहेत, तर अमेरिकेने २०२२ मध्ये ताशी ३५ मैल किंवा त्याहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यांसाठी किमान ५० एकके ठरवली. या सर्व मापांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: लागू असलेला पट्टा पुरेसा दिसतो का. रद्द झालेला पट्टा पुरेसा दिसेनासा झाला का, हे मोजणारा रकाना त्या अहवालात नव्हता. मोजणी चोख असूनही रस्ता गाडीतील यंत्रणेसाठी अविश्वसनीय का होता, याचे उत्तर एवढेच आहे.

दुसऱ्या बैठकीत सकाळच्या उन्हातील चित्रफीत दाखवली गेली. तिच्यात एक दुचाकीस्वारही चकाकत्या रेषेच्या मागे जाताना आणि मग एकदम सावरताना दिसत होता. कॅमेऱ्याच्या तक्रारीने जे झाले नव्हते, ते त्या दुचाकीने केले, कारण प्रश्न आता काही महागड्या मोटारींचा राहिला नाही. दुरुस्ती मान्य झाली.

पहिली दुरुस्ती स्वस्तातली होती. खरवडलेल्या भागावर काळा रंग मारण्यात आला. दुपारी तो उत्तम दिसला. कलत्या उन्हात मात्र रंगाचा गुळगुळीत थर घासलेल्या खडीपेक्षाही जास्त चमकला आणि मदत सुरू राहिलेल्या गाड्यांत ओढ वाढल्याच्या तक्रारी आल्या. अमेरिकेच्या रस्ता-चिन्हांच्या नियमपुस्तिकेत काळा रंग मारणे हे पट्टा काढून टाकण्याला पर्याय म्हणून मान्य नाही, ते उगीच नाही. दुसऱ्या वेळी पट्ट्यावरच उपाय न करता त्या भागात मार्गिकेच्या पूर्ण रुंदीवर बारीक खडीचा पातळ थर देण्यात आला आणि वरून पट्टे पुन्हा आखले गेले. पृष्ठभागाचा पोत सगळीकडे सारखा झाल्याने कॅमेऱ्याला पकडण्यासारखी कडच उरली नाही.

परिणाम

नव्या थरानंतर कलत्या उन्हात त्याच वेळी पुन्हा फेऱ्या केल्या गेल्या आणि गाड्या मधोमध राहिल्या. मदत बंद करण्याची सूचना मागे घेतली गेली. चाकोऱ्यांचा भाग तसाच आहे. तो मूळ पायापर्यंत खोदून करण्याचे काम आहे आणि ते पुढे ढकलले गेले. तेथे पाऊस लागला की मदत सुरू असली तरी ती नाहीच असे समजून चालवायचे, ही सूचना आजही लागू आहे.

एक अनपेक्षित परिणामही दिसला. मधल्या काळात काही चालकांनी मदत बंद केल्यावर ती पुन्हा सुरूच केली नाही. गाडीवरचा त्यांचा विश्वास त्या वळणापुरता नव्हे, सगळ्याच रस्त्यांवर उडाला. सूचना पाठवताना ‘का’ हे नीट सांगितले गेले नव्हते. ‘पुलापाशी बंद ठेवा’ एवढेच कळवले होते. चकाकत्या पट्ट्याची चित्रफीत चालकांना दाखवल्यावर त्यांतील काहींनी ती पुन्हा वापरायला घेतली.

काय वेगळे करता आले असते

तक्रारीच्या पहिल्याच नोंदीत वेळ, सूर्याची दिशा, रस्ता ओला की कोरडा, आणि चिन्ह हिरवे होते की राखाडी, एवढे चार तपशील असते, तर दोन निरनिराळे बिघाड पहिल्या आठवड्यातच वेगळे झाले असते. यांतील चौथा तपशील सर्वांत मोलाचा आहे. चिन्ह राखाडी असेल तर यंत्रणेने माघार घेतली आहे आणि प्रश्न चालकाला ते कळण्याचा आहे. चिन्ह हिरवे असताना गाडी भरकटली तर यंत्रणा फसली आहे, आणि मग कार्यशाळेआधी रस्ता पाहावा लागतो. अर्थात काच बदललेल्या गाडीचे कॅलिब्रेशन तपासणे कोणत्याही स्थितीत टाळता आले नसते.

रस्त्याच्या बाजूने खरा निर्णयबिंदू काम सुरू होण्याआधीचा होता. तात्पुरते पट्टे रंगवण्याऐवजी चिकटपट्टीचे लावले असते, तर ते उचलून काढता आले असते आणि खरवडण्याची वेळच आली नसती. जर्मनीत कामाच्या जागी तात्पुरते पट्टे पिवळे असतात आणि ते पांढऱ्यांवर मात करतात. त्यामुळे काम चालू असताना माणसाचा गोंधळ टळतो, यंत्रणेचा मात्र रंग भरवशाने ओळखता आला तरच; काम संपल्यावर उरणाऱ्या वणावर त्याचा उपयोग नाही. चिकटपट्टी रंगापेक्षा महाग पडते, म्हणून कंत्राटदार ती आपण होऊन वापरणार नाही. तिची अट निविदेतच घालावी लागते आणि काम ताब्यात घेण्याआधीची पाहणी एकदा दुपारी, एकदा सूर्य समोर कललेला असताना आणि एकदा रस्ता ओला असताना करावी, असे तिथेच लिहावे लागते.